शेवग्याचं मूळ, साहेबाचं ताट

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या जुन्या घरांना शेवगा असायचाच, आणि तो असायचा मागच्या परसात, मोरीचं पाणी जिरतं त्या कोपऱ्यात. शेंगा सांबारात जात, फुलं तुरीच्या डाळीबरोबर परतली जात, कोवळा पाला अडईच्या पिठात पडे. मूळ कुणी खात नसे. ते खात पाच किलोमीटरवरच्या कॅन्टोन्मेंटमधल्या बंगल्यांत. सोलून, बारीक किसून, व्हिनेगर नि चिमूटभर साखर घालून, रविवारच्या भाजलेल्या गोमांसाबरोबर. तिथं त्याला हॉर्सरॅडिश म्हणत आणि झाडाला हॉर्सरॅडिश ट्री. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे नाव उत्तरेत नि दक्षिणेत दोन्हीकडे रूढ असल्याची नोंद आहे.

इंग्रजांच्या बंगळूरवर पुष्कळ लिहिलं गेलंय. क्लब, घोड्यांच्या शर्यती, गुलाब, चर्चचे मनोरे, सगळं झालं. या मुळाचा इतिहास मात्र कुणी सलग सांगत नाही. बरोबरच आहे, कारण तो घडवणारे माळी आणि बटलर होते आणि त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. मी रसायनशास्त्राची बाई, इतिहासाची नव्हे. पण शेवग्याचं आणि खऱ्या हॉर्सरॅडिशचं, ही दोन्ही मुळं माझ्या आयुष्यात वेगवेगळ्या दारांनी आली.

खरं हॉर्सरॅडिश मोहरी-मुळ्याच्या कुळातलं, थंड मुलखातलं. पानं हातभर लांब, जमिनीखाली पांढऱ्या गराचं, खरबरीत सालीचं जाड मूळ. एकदा लागलं की ते परसातून हलत नाही. खणताना पेराएवढा तुकडा मागं राहिला तरी फुटतो. लागवड बियांनी करत नाहीत, पेन्सिलीएवढ्या जाड मुळ्यांच्या वीतभर तुकड्यांनी करतात. माळी तुकड्याचं वरचं टोक सरळ कापतो नि खालचं तिरकं, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. वसंतात लावायचं आणि हिमानं पाला करपला की खणायचं. थंडी पडली की झाड आपलं बळ मुळात उतरवतं, तिखट तिथूनच येतं. बंगळूरच्या डिसेंबरात रात्रीचा पारा पंधराच्या आसपास असतो. आम्ही स्वेटर घालतो ती गोष्ट वेगळी. झाडाचा पाला करपवील असलं हिम इथं पडत नाही.

मुळात गंमत अशी की अखंड मुळाला फारसा वास नसतो. किसलं की पेशी फुटतात, आत वेगळे ठेवलेले दोन पदार्थ भेटतात. एक सिनिग्रिन नावाचं गंधकाचं संयुग, दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर. त्यांच्या भेटीतून नाकात जाणारं तेल सुटतं. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात तेव्हा नेमकं हेच होतं. माझी आजी दगडी खलात थेंबथेंब पाणी घालून मोहरी फेसायची, मधूनमधून खलावर नाक न्यायची, आणि डोळ्यांत पाणी आलं की लगेच लिंबू पिळायची. आंबटानं विकराचं काम थांबतं आणि त्या घटकेला जेवढा झणका असेल तेवढा धरून ठेवला जातो. व्हिनेगर करतं ते हेच. हॉर्सरॅडिश सौम्य हवं असेल तर किसल्याबरोबर व्हिनेगर घालायचं, जहाल हवं असेल तर दोन-तीन मिनिटं थांबायचं. आजीला विकर हा शब्द ठाऊक नव्हता, वेळ मात्र अचूक ठाऊक होती.

बंगळूर हे हवेच्या जोरावर इंग्रजांना भुलवणारं गाव. टिपू पडल्यावर वर्षभरात, १८०० च्या मे महिन्यात, फ्रान्सिस बुकॅनन इथं आला. टिपूच्या बागांत त्यानं चौकोनी वाफे पाहिले, सुरूसारखे उभे सायप्रस पाहिले, सफरचंद आणि पीच फळताना पाहिले, केप ऑफ गुड होपहून आणलेली पाइन नि ओकची रोपं जीव धरताना पाहिली. श्रीरंगपट्टणच्या हिवतापाला कंटाळलेली फौज १८०९ मध्ये बंगळूरला हलली आणि जुन्या गावाच्या, म्हणजे पेटेच्या, ईशान्येला दुसरं गाव उभं राहिलं, तेच कॅन्टोन्मेंट. कन्नड माणूस त्याला दंडु म्हणे. १८५६ मध्ये लालबाग सरकारी वनस्पती-उद्यान झाली, दोन वर्षांनी क्यूहून विल्यम न्यू आला, १८७४ मध्ये जॉन कॅमेरॉन. कोबी, फुलकोबी, गाजर, बीट, नोलकोल ही सगळी ‘इंग्लिश व्हेजिटेबल्स’ भोवतालच्या मळ्यांत रुळली. सीमेबदनेकाई, म्हणजे बाहेर ज्याला चाउ-चाउ म्हणतात ती, आमच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. इतकं सगळं जिथं आलं तिथं एक मूळ हटून बसलं. ताजं मूळ वाळूत पुरून बोटीनं आणायचं तर सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडेपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने लागत, आणि बाटलीतला कीस उघडल्यापासून उतरत जातो.

मग शेवगा सापडला. कुणाला, कधी, कुठल्या बागेत, हे सांगता येणार नाही. डच सेनानी व्हान रीड यानं कोचीनमध्ये सतराव्या शतकात केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये शेवग्याचं चित्र आहे. (त्या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते आणि त्यांची ग्वाही नागरी लिपीत छापली आहे. आपल्याकडच्या वनस्पतींच्या कुठल्याही गोष्टीत हे तिघे येऊन उभे राहतात, मला ते आवडतं.) मद्रासच्या फौजेतला डॉक्टर व्हाइटलॉ एन्स्ली याच्या १८२६ च्या ‘मटेरिया इंडिका’त शेवग्याचं मूळ औषधांत आहे. पण औषधातून ताटात जाणं हे काम डॉक्टरचं नव्हे. कुणीतरी माळ्यानं शेवग्याचं रोप उपटलं असेल, मूळ मोडलं असेल, झणका नाकात गेला असेल, आणि साहेबाला जे हवंय ते असंच काहीतरी असतं हे बटलरच्या ध्यानात आलं असेल. चव सांगायला बटलरनं ती आधी इंग्रजी टेबलाच्या उरलेल्या ताटांत चाखलेली असणार. साहेबाच्या पुस्तकांत हा बटलर बिननावाचा राहतो. मद्रासकडच्या स्वयंपाकावर कर्नल केनी-हर्बर्टनं १८७८ मध्ये ‘वायव्हर्न’ या टोपणनावानं पुस्तक लिहिलं, त्यात साऱ्या स्वयंपाक्यांना मिळून एकच नाव आहे, रामस्वामी. आणि १८९६ मध्ये बंगळूरला आलेला तरुण चर्चिल आत्मचरित्रात इथल्या बंगल्याचं, गुलाबांचं नि घरचा सगळा कारभार नोकरांवर सोपवून निश्चिंत होण्याचं वर्णन हौसेनं करतो. ताटातल्या चटणीत काय होतं हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

रसायनाच्या अंगानं पाहिलं तर माळ्याचं नाक खोटं ठरत नाही. शेवगा मोहरीच्या कुळातला नाही, पण त्याचं कूळ मोहरीच्या कुळाच्या भाऊबंदकीत मोडतं. वनस्पतिशास्त्रात दोघांचा गण एकच. शेवग्याच्या मुळात सिनिग्रिनऐवजी ग्लुकोट्रोपिओलिन असतं. किसल्यावर त्यातूनही त्याच जातीचं झोंबरं तेल सुटतं, फक्त जरा वेगळ्या घडणीचं. मोहरीचा झणका सरळ कपाळात जातो. शेवग्याचा घशाकडे उतरतो, त्यामागून किंचित हळीवासारखा वास येतो. भाजलेल्या मांसाच्या चरबीला दोन्ही सारखेच छेद देत असणार. मी शाकाहारी, तेव्हा हे ऐकीव.

पण साहेबाच्या बागेतला शेवगा आणि आमच्या परसातला शेवगा एकसारखे वाढवलेले नसत, आणि इथं खरी मेख आहे. दक्षिणेत पूर्वापार शेवगा लावायचा तो फांदीनं. पाऊस लागायच्या सुमारास मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांब फांदी तोडायची, दोन दिवस सावलीत ठेवायची, खड्ड्यात उभी करायची, आणि वरच्या कापावर शेणाचा गोळा थापायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरून कुजत नाही. वर्षा-दीड वर्षात शेंगा. अशा झाडाला सोटमूळ नसतं, नुसत्या पसरलेल्या मुळ्या. वादळात ते कोसळतं ते त्यामुळेच. बियापासून आलेलं रोप मात्र पहिल्या काही महिन्यांतच जमिनीत गाजरासारखं फुगीर, पांढरं, लुसलुशीत सोटमूळ धरतं. रोप दोन फुटांचं झालं की मूळ खायला सर्वांत चांगलं. पुढं ते लाकूड होतं. म्हणजे ज्याला शेंगा हव्यात त्यानं फांदी लावायची, ज्याला मूळ हवं त्यानं बी पेरायचं आणि मुळ्याच्या वाफ्यासारखा शेवग्याचा वाफा करायचा. उपटलेलं रोप संपलं. शेंगांचं झाड एकदा लावलं की ते सासरी आलेल्या मुलीला नि तिच्या मुलीला पुरतं, तिथं आमच्या घरांतून एका चटणीसाठी झाड उपटणं कुणाला सुचलं नाही यात नवल नाही.

आता आमच्या घरांबद्दल. बंगळूरशी मराठीचा संबंध १६३८ पासूनचा. आदिलशाही फौजेनं केंपेगौडाचं गाव घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढं तंजावरला गेले आणि बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकलं गेलं. त्यानंतर आमच्यासारखी माणसं तंजावरहून उलट्या वाटेनं परत आली, म्हैसूर सरकारच्या नोकरीसाठी. व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव हे दोन दिवाण तंजावरी मराठी. आनंदराव सर्कलला रोज लाखभर गाड्या अडकतात, त्यातल्या किती जणांना हा आनंदराव कोण हे ठाऊक असेल कोण जाणे. माझे पणजोबा असे कुणी नव्हते, सचिवालयातले साधे कारकून. चामराजेंद्र वडियारांच्या नावानं १८९२ मध्ये किल्ल्याच्या पश्चिमेला ही आखीव वसाहत बसली, पाच मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे क्रॉस, आणि पणजोबांनी तिसऱ्या मेनजवळ जागा घेतली. पेटेत घराला घर चिकटलेलं. इथं पुढं चार फूट अंगण, मागं परस, विहीर, गाईचा गोठा. सहा वर्षांनी प्लेग आला तेव्हा मोकळ्या जागेचं मोल सगळ्या शहराला कळलं आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम आखली गेली.

आमचा शेवगा तंजावरी रीतीनं मागंच लावलेला. पुढच्या दारी लावला तर वेताळ येऊन लटकतो, असं आजी म्हणे. संस्कृत कथांत वेताळ शिंशपेच्या झाडावर असतो, तमिळ देशी येताना त्यानं झाड बदललं आणि तो मुरुंगैवर चढला. आमच्या माणसांनी कावेरीकाठी जे काय उचललं त्यात हा वेताळही आला. सांबार आमच्याच भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही दंतकथाही घरात होती. मी त्यावर पैज लावणार नाही, पण सांबारात शेंग नसली की आजोबा ताटावर बसताना घसा खाकरत.

मुळाचा घरातला उपयोग एकच. गुडघा धरला की आजी कुणाला तरी परसात पिटाळायची, झाडाच्या बुंध्याशी बाजूची एक मुळी उकरून आण म्हणून. साल ठेचून, मीठ घालून, तिचा लेप. घड्याळाकडे बघत बसायची, कारण जास्त वेळ राहिला तर फोड येतात. तो लेप धुताना जे पाणी मोरीत जाई त्याचा वास आणि किसलेल्या हॉर्सरॅडिशचा वास एकाच घराण्यातला आहे, हे मला कळलं ते चाळिशीत.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. एलायझा नावाची चाचणी १९७१ मध्ये युरोपात दोन ठिकाणी एकाच वेळी निघाली. डच संशोधकांनी तीत खूण म्हणून जे विकर वापरलं ते हॉर्सरॅडिशच्या मुळातलं होतं: हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, आमच्या बोलण्यात एचआरपी. रोग्याच्या रक्तात शोधायची ती गोष्ट असली तर हे विकर तिथं अडकून राहतं. वरून रंगद्रव्य घातलं की खळग्यातलं पाणी निळं होतं, गंधकाम्लाचा थेंब टाकला की पिवळं. किती पिवळं, ते यंत्र मोजतं. बंगळूरच्या प्रयोगशाळांत हे रोज चालतं. चामराजपेटेच्या दारातल्या कृष्णराजेंद्र मार्केटात जे मूळ जन्मात मिळणार नाही त्याचा अर्क आमच्या फ्रीझरमध्ये इवल्या बाटलीत होता.

तिथं माझी एक अँग्लो-इंडियन सहकारी होती, कुक टाउनला राहणारी. बाटलीवरचं नाव वाचून एकदा म्हणाली, “आमच्याकडे क्रिसमसला हे करतात. तुझ्या घरी ड्रमस्टिक आहे ना गं? बी दे मला.” मी चक्रावले. तिच्या आईकडून मग सगळी कृती कळली. मूळ धुवायचं, साल पूर्ण सोलायची, अगदी पांढरं दिसेतो. तीत विषारी अंश असतो, आणि गर्भार बाईनं तर ही चटणी चाखायचीही नाही, हे म्हातारीनं दोनदा बजावलं. किसणी बारीक भोकांची. खिडकी उघडी. किसून झालं की झाकण ठेवायचं, मग व्हिनेगर, मीठ, साखर, आणि वाढायच्या वेळी साय. तिच्या घरी आजीच्या आजीपासून हे असंच. खरं हॉर्सरॅडिश त्या बाईनं कधी पाहिलंही नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती. “ते बाटलीतलं? पाणचट असतं,” म्हणाली.

म्हणजे साहेबासाठी जो पर्याय म्हणून काढला तो त्याच्या मागं राहिलेल्यांच्या घरात अस्सल होऊन बसला होता. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येनं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. तिथं त्यांना हवं तेवढं हॉर्सरॅडिश मिळालं. माझ्या सहकारिणीची बहीण पर्थला असते. ती अजून फोनवर ड्रमस्टिकच्या मुळाची आठवण काढते. याला बिचारं म्हणावं की शाबास, मी ठरवलेलं नाही.

चामराजपेटेतली परसं गेली. आमच्या रांगेत बहुतेक घरांचे मजले झाले, विहिरी बुजल्या, गोठ्याच्या जागी स्कूटर उभ्या. शेवगा टिकला तो त्याच्या गुणानं नव्हे, पाल्याची भुकटी आता डबीतून विकली जाते म्हणून. बाजारात शेंगांसाठी बीसुद्धा नामांकित: तमिळनाडूतल्या पेरियकुळमची पीकेएम-१, बागलकोटच्या विद्यापीठाची भाग्या, दापोलीची कोकण रुचिरा. पीकेएम-१ नि भाग्या बियांनीच लावतात, वर्षाच्या आत शेंगा देतात. म्हणजे आमच्या आजीची फांदी सुटली आणि साहेबाच्या माळ्याचं बी घरोघर आलं. गच्चीवरच्या डब्यातही ते फुगीर मूळ धरतं, हे मी करून पाहिलंय. शेणखत, निम्मी वाळू, खोल डबा, पाणी बेताचं. पाणी साचलं तर मूळ कुजतं. विरळणी करताना उपटलेली रोपं फेकायची नाहीत, एवढंच.

गेल्या वर्षी भाचा जेवायला आला तो जपानी जेवणाची खोकी घेऊन. भाताच्या वड्यांबरोबर हिरवा गोळा होता. वासाबी. पुडीमागचं बारीक अक्षर मी भिंगानं वाचलं: हॉर्सरॅडिश, मोहरी, रंग. खरी वासाबी वाहत्या थंड पाण्यात वाढते नि महाग पडते, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी हेच हिरवं करून देतात. कॅन्टोन्मेंटला ज्याच्या जागी शेवगा खावा लागला ते आता दुसऱ्याच्या नावानं वावरतंय. मी गच्चीवरून एक रोप उपटून आणलं, सोललं, किसलं, लिंबू पिळून त्याच्या खोक्याच्या झाकणात ठेवलं.

“आत्या, हे त्याच्याहून जहाल आहे,” तो नाक पुसत म्हणाला. मग सायही नको म्हणाला, आणि उरलेलं सगळं दुसऱ्या दिवशीच्या दहीभाताला डब्यात घालून घेऊन गेला. जाताना बी मागितलं. दिलं, आणि साल सोलण्याचं दोनदा सांगितलं.